पुराआधीचं पाणी-संडासाचं प्लॅनिंग शिकायचंय? कोल्हापुरातला माझा अनुभव

बरेच जण विचारतात, ताई मी सिव्हिल केलंय, किंवा एन्व्हायर्नमेंटल सायन्स केलंय, आपत्तीत पाणी आणि स्वच्छतेचं काम करतात त्यात यायचंय, सुरुवात कुठनं करू, कोर्स कुठला करू. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. थोडं लांबेल, पण ज्याला खरंच यायचंय त्यानं पूर्ण वाचावं.

मी यात कशी आले ते आधी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी एमएस्सी करत होते आणि पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर (नदीची पातळी आपल्याकडं इथं मोजतात) ५५ फुटांच्या वर गेलं. धोका पातळी ४३ फूट, म्हणजे बघा किती वर. शिंगणापूर, बालिंग्याकडच्या पंपिंगमध्ये पुराचं पाणी शिरलं आणि शहराचा पाणीपुरवठाच बंद पडला, गल्लीत कमरेएवढं पाणी आणि घरात नळाला थेंब नाही असे ते दिवस. पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ बंद, त्यामुळं बाहेरनं टँकर, डिझेल, काहीच लवकर येईना. मी मैत्रिणीबरोबर एका शाळेतल्या निवारा केंद्रात मदतीला गेले, खिचडी वाढायला म्हणून गेले होते खरं तर.

तिथं साधारण चारशे माणसं होती आणि संडास चार, त्यातल्या एकाला कडी नाही. दुसऱ्या दिवशी एक मावशी चक्कर येऊन बसल्या, ओठ कोरडे पडलेले, मी पाण्याचा पेला पुढं केला तर हातानं बाजूला सारला. म्हणाल्या, "पोरी, पाणी प्यालं की परसाकडं जावं लागतंय, रातच्याला अंधारात कुठं जाऊ? नको मला." शेजारी बाटलीबंद पाण्याचे बॉक्स छताला टेकलेले होते. पाणी होतं आणि बाई पाणी पीत नव्हती, कारण दाराला कडी नव्हती आणि तिथं बल्ब नव्हता. त्या दिवशी मी दोन कड्या, स्क्रू आणि एक बॅटरीवरचा दिवा आणून लावला, संध्याकाळपासून बायका पाणी प्यायला लागल्या. माझं या क्षेत्रातलं पहिलं काम ते, आणि आजही कुणी विचारलं की वॉश म्हणजे काय तर मी हेच सांगते. (वॉश म्हणजे पाणी, स्वच्छता आणि आरोग्याच्या सवयी या तिन्हींचं मिळून इंग्रजी लघुरूप, हा शब्द तुम्हाला सगळीकडं ऐकू येणार.)

आता शिकायचं काय. पहिलं म्हणजे स्फिअर हँडबुक, फुकट डाउनलोड होतं. १९९४ ला रवांडातनं पळून शेजारच्या झैरमधल्या (आताचं काँगो) गोमाला आलेले हजारो निर्वासित कॉलऱ्यानं गेले, त्यानंतर मदत करणाऱ्या संस्थांनी बसून किमान निकष ठरवले, त्याचं हे पुस्तक, चौथी आवृत्ती २०१८ ची. त्यातले काही आकडे तोंडपाठच करा: माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, २५० माणसांमागं एक नळ, पाणी घरापासून ५०० मीटरच्या आत, संडास सुरुवातीला ५० माणसांना एक आणि पुढं २० ला एक, आणि बायकांचे पुरुषांच्या तिप्पट. आता हे आमच्या त्या शाळेला लावून बघा. ४०० माणसं म्हणजे रोज ६,००० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरची एक खेप पुरते आणि वर उरतंय पण. नळ दोन लागतात. संडास मात्र पहिल्याच दिवशी आठ लागतात आणि होते चार! म्हणजे टंचाई पिण्याच्या पाण्याची नव्हतीच, संडासांची होती. आम्ही सगळे पाणी पाणी करत होतो आणि फोनवर फोन लावून अजून बाटल्या मागवत होतो. साधं गणित आहे, पण पुराच्या गडबडीत ते कुणी करत नाही, म्हणून आधी करून ठेवायचं.

आणि जनावरं! हे पुस्तकातनं येत नाही. शिरोळ तालुक्यात किंवा करवीरमधल्या चिखली-आंबेवाडीकडं माणसं वेळेत का निघत नाहीत म्हणून चिडणारे बरेच भेटतील, पण गोठ्यात चार म्हशी सोडून कोण निघेल? दुभत्या म्हशीला दिवसाला पन्नास लिटरच्या पुढं पाणी लागतं. त्यामुळं प्लॅनमध्ये जनावरांचा कॅम्प, त्याचं पाणी, शेण-मूत कुठं जाणार, तो उतार माणसांच्या पाण्याच्या टाकीकडं तर नाही ना, हे सगळं हवं. मी तरी आता जनावरांची मोजणी नसलेल्या प्लॅनला प्लॅन म्हणत नाही.

दुसरं, क्लोरिन. यात कच्चे राहिलात तर बाकी सगळं शिकून उपयोग नाही. आपल्याकडं ग्रामपंचायतीत त्याला टीसीएल म्हणतात, म्हणजे ब्लिचिंग पावडर. ताजी असेल तर ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असतं, ओल लागली, पोतं उघडं राहिलं की उडून जातं आणि २० टक्क्यांच्या खाली गेलं की ती पावडर कामाची नाही असं धरायचं. नेहमीचा डोस १,००० लिटरला ५ ग्रॅम. विहिरीचं पाणी काढायला व्यासाचा वर्ग गुणिले ३.१४ भागिले ४ गुणिले पाण्याची खोली. समजा ६ मीटर व्यासाची विहीर आणि ४ मीटर पाणी, तर साधारण १,१३,००० लिटर भरतात, म्हणजे ५६५ ग्रॅम टीसीएल. पावडर थेट विहिरीत फेकायची नाही, बादलीत पेस्ट करून, पाणी घालून, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकायचं. अर्धा तास तरी थांबायचं, मग ओटी टेस्ट, म्हणजे द्रावणाचे थेंब टाकून पाण्यात क्लोरिन किती उरलंय ते रंगावरनं बघायचं. पिवळा रंग आला, लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅमच्या मध्ये, तर ठीक. ओटीचं द्रावण विषारी असतं, टेस्ट केलेलं पाणी परत हंड्यात ओतू नका, मी लोकांना तसं करताना बघितलंय.

पण पुराचं पाणी गढूळ, त्याला नेहमीचा डोस पुरत नाही, क्लोरिन सगळं गाळातच खर्ची पडतं. तिथं बादल्यांची टेस्ट करायची. ३३ टक्क्यांची पावडर ३० ग्रॅम एका लिटरात मिसळली की अंदाजे १ टक्क्याचं द्रावण होतं. २० लिटरच्या चार बादल्या भरा, एकीत २ मिली, दुसरीत ४, मग ६, मग ८, ढवळा, अर्धा तास ठेवा आणि ओटी करा, जिच्यात ०.२ ते ०.५ येईल तो तुमचा त्या दिवशीचा डोस. पाणी फारच गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यायचं. हे घरी चार बादल्या घेऊन चार-पाच वेळा करा, हाताला सवय झाली पाहिजे, पावसात भिजत उभं राहून पुस्तक उघडता येत नाही.

हे सगळं एवढं कशासाठी असं वाटत असेल तर २०१२ ची इचलकरंजीतली काविळीची साथ आठवा. तेव्हा पूर नव्हता, भूकंप नव्हता, दूषित पाण्यातनं साथ पसरली आणि त्यात माणसं गेली.

आता माझी चूक सांगते, कारण यातनं मी सगळ्यात जास्त शिकले. एमएस्सी झाल्यावर एका संस्थेत लागले आणि २०२०-२१ मध्ये नदीकाठच्या एका गावाचा प्लॅन मी बनवला. चाळीस पानं, रंगीत नकाशे, सगळं. जनरेटर: आहे. टीसीएल: दोन पोती, आहे. जुलै २०२१ ला परत पाणी चढलं, यावेळी ५६ फुटांच्या आसपास. जनरेटर होता पण ज्या खोलीत होता ती खोलीच पाण्याखाली. टीसीएल होतं पण पोत्याला ओल धरून त्याचे गोळे झालेले, पाण्यात कालवून ओटी केली तर रंगच येईना. मी दोन्ही गोष्टी फोनवरनं विचारून लिहिल्या होत्या, जाऊन बघितल्या नव्हत्या. कार्यालयात तो प्लॅन छान म्हणून दाखवला गेला होता आणि गावात त्याचा एक दिवसही उपयोग झाला नाही, मला तीन रात्री झोप लागली नाही. बाजूच्या गावातनं होडीनं पावडर आणली तोवर लोकांनी जे मिळेल ते पाणी वापरलं होतं. तेव्हापासून मी "आहे" हा शब्द लिहीत नाही. कुठं आहे, जमिनीपासून किती उंचीवर आहे, कुलपाची चावी कुणाकडं आहे आणि शेवटचं कधी चालू करून बघितलं, एवढं लिहिते.

प्लॅनचं काम मे महिन्यात करायचं. वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेलेले असतात, लोकांना पुराची आठवण असते पण शेतात गडबड सुरू झालेली नसते. गावात गेल्यावर पहिल्यांदा सरपंचाकडं चहाला जाल, जा, पण कामाची माहिती असते पाणी सोडणाऱ्याकडं, जलसुरक्षकाकडं (ग्रामपंचायतीत पाण्याच्या शुद्धीकरणाचं बघणारा माणूस), आशाताईंकडं आणि म्हाताऱ्या बायकांकडं. एका आजींनी मला हाताला धरून घरामागं नेलं आणि भिंतीवर बोट ठेवत गेल्या, पाच सालचं हितं, एकोणीसचं हितं, एकवीसचं ह्या खुंटीच्या वर. मग म्हणाल्या, पण कोपऱ्यावरचा हातपंप पाणी पार अंगणात येईस्तोवर चांगला असतोय, वरच्या आळीतला मात्र आधीच घाण पाणी देतोय कारण वरनं गटार येतंय. हे कुठल्या नकाशात मिळणार?

अशी माहिती गोळा झाली की ती बंधाऱ्यावरच्या फुटांना जोडायची, आमच्या कामाचा गाभा म्हणाल तर हाच. आपल्याकडं सगळ्यांना फुटाची भाषा कळते, पावसाळ्यात चहाच्या टपरीवर पण "राजारामला किती झालं?" हेच चालतं, तर प्लॅन पण त्याच भाषेत हवा. ३५ फुटाला टाक्या भरून घ्यायच्या आणि पावडर वर हलवायची. ३९ ला, म्हणजे इशारा पातळीला, निवारा केंद्रातले संडास, कड्या, दिवे तपासायचे, जनावरं हलवायला सुरुवात. ४३ च्या आधी कुठल्या विहिरी बुडतात त्यांची यादी करून पिणं बंद करायचं, पंपाच्या मोटरी काढून घ्यायच्या. हे आकडे गावागणिक बदलतात, माझे उचलून वापरू नका. शिरोळकडं तर फक्त पंचगंगा बघून चालतच नाही, नरसोबावाडीला ती कृष्णेला मिळते, कोयना धरणातनं किती सोडलंय, खाली कर्नाटकात अलमट्टी धरणात काय चाललंय तेही बघावं लागतं, पाणी चढतं हळू आणि उतरतं त्याहून हळू. आणि हायवे बंद होणार हे धरूनच चाला, जे काही साहित्य लागणार ते पाण्याच्या तुमच्या बाजूला आधीच असलं पाहिजे.

मदत मागायची यादी पण आधीच तयार ठेवा. बाहेरनं लोक खूप मनापासून पाठवतात, पण सांगितलं नाही तर बाटल्याच येतात. झाकणाच्या आणि तोटीच्या बादल्या, साबण, सॅनिटरी पॅड आणि ते टाकायला झाकणाचे डबे, टॉर्च, एवढं नीट लिहून दिलं तर तेच येतं.

पूर ओसरल्यावरचं एक सांगते, इथं नवीन मुलं हमखास चुकतात. विहीर बुडाली म्हणून लगेच मोटर लावून सगळी उपसायची घाई करतात. आजूबाजूची जमीन पाण्यानं भरलेली असते, आतलं पाणी एकदम काढलं की विहीर ढासळू शकते. थांबायचं, हळूहळू उपसायची, गाळ काढायचा, मग जास्त डोस देऊन परत उपसायची. तोपर्यंत टँकर, आणि प्रत्येक टँकरची ओटी. टँकरवाल्याशी वाद होतील, होऊ देत.

कोर्सचं थोडक्यात. पुण्यात रेडआर इंडिया या संस्थेची ट्रेनिंग असतात, आपत्तीतल्या पाणी-स्वच्छतेवर हातानं काम करून शिकवतात, जमेल तेव्हा एक तरी करा. मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये आपत्ती व्यवस्थापनात मास्टर्स आहे. यशदाची, म्हणजे पुण्यातल्या राज्य सरकारच्या प्रशिक्षण संस्थेची, शिबिरं असतात. पण मी म्हणेन पैसे खर्च करण्याआधी आपल्या जिल्ह्यात आपदा मित्रचं (आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांची सरकारी योजना) प्रशिक्षण कधी आहे ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन विचारा, आणि एक पावसाळा एखाद्या गावच्या जलसुरक्षकाबरोबर फिरा. नोकऱ्या बऱ्याचशा अकरा महिन्यांच्या कराराच्या असतात, घरच्यांना ते आधी सांगून ठेवा. टू-व्हीलर यायला पाहिजे, एक्सेल यायला पाहिजे, आणि शिरोळच्या पट्ट्यात काम करायचं असेल तर चार वाक्यं कन्नड आली तर घराची दारं पटकन उघडतात. इंजिनिअरिंगवाल्यांना एक सांगणं, बायकांशी पाळी, संडास, आंघोळ याबद्दल न लाजता बोलता आलं पाहिजे, नाहीतर बोलणारी सहकारी बरोबर पाहिजे, त्याशिवाय कॅम्पचा नकाशा काढायलाच बसू नका.

माझ्या त्या चुकलेल्या गावात मी दरवर्षी मे मध्ये जाते. जनरेटर आता वरच्या आळीत शाळेच्या पहिल्या मजल्यावर आहे, गेल्या वेळी चालू करून बघितला. टीसीएल प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यांत आहे, डब्यावर तारीख लिहिलेली. चाव्या तिघांकडं ठेवल्या होत्या, त्यातला एक जण कामाला पुण्याला गेलाय असं कळलं, त्यामुळं यंदा तिसरं नाव नवीन लिहायचंय, बहुतेक आशाताईंचंच लिहीन.