सोळा फुटी ट्रेलरच्या छतावरचा एसी बदलताना

टेक्सासच्या ऑगस्टमध्ये आमच्या ट्रेलरचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचा, एसी नुसताच घरघरायला लागला. वरचं झाकण काढलं तर आत कुंभारमाशीची मातीची घरं.

आधी एसी खरंच गेलाय का ते बघा. पंखा फिरतोय पण कॉम्प्रेसर हुंकार देऊन थांबतोय, तर पुष्कळदा नुसता कॅपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला धक्का देणारा भाग, गेलेला असतो. वीज बंद केली तरी त्यात ती साठून राहते, बोट लावू नका. आमचा मात्र गॅसच गेला होता. हे एसी सीलबंद असतात, गॅस भरायला व्हॉल्व्हच नसतो. मग नवाच घेतला.

मोठा घ्यायचा मोह आवरा. सोळा फुटांना १३,५०० बीटीयू (थंड करायच्या ताकदीचं माप) भरपूर झाला. छताचं भोक बहुतेक १४ बाय १४ इंचांचंच असतं, तरी मोजून घ्या. छताला आतून लागणारा, हवा खोलीत सोडणारा डबा वरच्या एसीशी जुळणाराच हवा.

बाहेरची केबल काढा, बॅटरीही सोडवा. आतली जाळी आणि डबा उतरवला की वायरी दिसतात. इथे आपली सवय घात करते: आपल्याकडे जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल, अमेरिकेत काळी म्हणजे फेज. पांढरी न्यूट्रल, हिरवी किंवा उघडी तांब्याची अर्थिंग. मी टेस्टर लावल्याशिवाय हात घातला नाही. मग चार बोल्ट काढले की जुना एसी मोकळा.

नवा चाळीस किलोच्या आसपास भरतो. शेजाऱ्याला बोलावलं, शिडीवर दोन फळ्या टाकून खोक्यासकट वर सरकवला. छतावर वावरताना गुडघ्याखाली प्लायवूड हवंच, नाहीतर छत दबतं.

आता खरं काम. भोकाभोवतीची जागा खरडून पुसून कोरडी करा आणि नवं गॅस्केट, म्हणजे एसी आणि छताच्या मधली फोमची चौकट, घाला. त्याखाली सिलिकॉन लावू नका; मोह होतो, पण गॅस्केट दाबूनच सील होतं. बोल्ट आतून, समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. गॅस्केट दबून साधारण अर्ध्या इंचावर आलं की थांबा. आधीच्या ट्रेलरला मी जोर करून पिळला होता. छताला खळगा पडला, पाणी साचलं आणि पहिल्याच पावसात बायकोच्या उशीवर ठिबकलं. ते अजून ऐकतोय.

आतल्या डब्यात थंड हवा सोडायचा आणि परत ओढायचा कप्पा वेगळा असतो. मधल्या पडद्याच्या फटी ॲल्युमिनियम टेपने बुजवा. एक बोटभर फट राहिली तरी थंड हवा तिथूनच मागे ओढली जाते आणि एसी चालू असून घाम सुटतो.

जाळी बसवण्याआधी मी छतावर दहा मिनिटं पाइपने पाणी सोडलं. बायको आत टॉर्च घेऊन उभी. "कोरडं आहे," ती म्हणाली, आणि उशी तरीही पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.