कॅम्पर व्हॅनमधले दिवे मिणमिणतायत? आधी अर्थिंग बघा

लगेच नवी बॅटरी घेऊ नका. दोन-तीन दिवे चालू ठेवा आणि मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टर्मिनलवर, मग दिव्यापाशी व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १२.५ आणि दिव्यापाशी ११.५ दिसलं, तर व्होल्ट वाटेत गळतोय. सगळेच दिवे मंद असतील तर माझा पहिला संशय अर्थिंगच्या वायरीवर (म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या निगेटिव्ह वायरीवर), ती चासीला, व्हॅनच्या धातूच्या सांगाड्याला, बोल्टने कसलेली असते तिथे. गंज हमखास तिथेच चढतो. बाहेरची वीज (बाहेरून केबलने व्हॅनला जोडलेली) आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा (हे विसरू नका), बोल्ट सोडवा, पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळून वरून ग्रीस लावा. लेड-ॲसिड बॅटरीवरच १२ पेक्षा कमी दिसलं, तर मात्र चार्जिंग तपासा. बाहेरची वीज जोडल्यावर आकडा हळूहळू १३ च्या वर चढायला हवा.