पणजाचा बाप शोधायचा तं मृत्युपत्र नंतर, आधी फेरफार काढा

आपल्या इकडं विदर्भात कोणालाही विचारा, आजाचं नाव पटकन सांगते, पणजाचं थोडं आठवून सांगते, आन् त्याच्या वर गेलं का "ते म्हाताऱ्यालेच माहीत होतं" इथं येऊन गाडी थांबते. पण भाऊ, ज्याच्याकडं दोन एकर का होईना वावर होतं त्याचं नाव कागदात कुठंतरी असतेच, कारण सारा कोणाकडून घ्यायचा हे सरकारला पक्कं माहीत पाहिजे होतं.

माझी पहिली चूक म्हणजे मी मृत्युपत्र शोधत बसलो, दोन महिने गेले त्यात. नंतर एका जुन्या वकिलानं समजावलं का बापा, १९५६ चा हिंदू वारसा कायदा येईपर्यंत एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित शेतातला आपला हिस्सा कोणाला मृत्युपत्रानं देताच येत नव्हता, माणूस मेला का हिस्सा आपोआप बाकीच्या भाऊबंदात जिरायचा, मग लिहिणार काय? लिहायचे ते ज्यानं स्वतः कमावून शेत घेतलं असे किंवा ज्याला मूलबाळ नाही आन् दुसरा हिस्सेदारही नाही असे.

म्हणून सुरुवात आपल्या घरच्या सातबाऱ्यापासून करा. त्यावर नावाजवळ गोलात आकडे असतात, ते फेरफाराचे, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीचे नंबर, आन् कॉम्प्युटरच्या उताऱ्यावर खाली जुने फेरफार नंबर दिलेले असतात, ते एका वहीत उतरवा आन् शेवटच्या नंबरापासून एकेक मागं जा. प्रत्येक फेरफारात लिहिलेलं असते का अमुक मयत झाला, वारस हे हे, किंवा वाटणी झाली, किंवा विकलं. काही जिल्ह्यांचे जुने कागद स्कॅन होऊन 'आपले अभिलेख'वर आहेत ते आधी पाहा, नाही सापडलं तं तहसीलच्या रेकॉर्ड रूममधी नकलेचा अर्ज, कोर्ट फी तिकीट लावून. मधी सर्व्हे नंबरचा गट नंबर झाला असला तं त्याचा मेळ भूमी अभिलेखमधी लागते, तो मेळ न घालता पुढं गेले तं दुसऱ्याच्याच पणजाला आपला म्हणून घेऊन याल.

असं मागं जाता जाता १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, म्हणजे कोणाचा कोणत्या जमिनीवर काय हक्क याची नोंद, लागते. हा सोडू नका, आपण तेव्हा मध्यप्रदेशात होतो. त्याच्या मागं मात्र रस्ता फुटते. अकोला, अमरावती, बुलडाणा, यवतमाळ हे वऱ्हाड, १८५३ मधी निजामाकडून इंग्रजांकडं आलेलं, इथं रयतवारी, म्हणजे खातेदाराचं नाव सरळ सरकारी कागदात. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आताचं चंद्रपूर) इकडं मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरायचा, ती १९५१ मधी गेली, म्हणून तिकडं गावची जमाबंदी (कोणाकडं किती सारा त्याची यादी) आन् खसरा (शेतवार नोंद) मागायचा, त्यात मालगुजाराखालचे काश्तकार नावानिशी असतात, कोणी मालिक मकबूजा (आपल्या तुकड्याचा मालक), कोणी मौरुसी (पिढीजात हक्काचं कूळ). काउंटरवर नुसतं "जुनं रेकॉर्ड द्या" म्हटलं तं काहीच मिळत नाही, कागदाचं नाव घेऊन मागा.

जिल्ह्यांचाही घोळ पाहा. यवतमाळ १९०५ पर्यंत वणी जिल्हा होता, वाशिम तेव्हा अकोल्यात गेला आन् १९९८ मधी परत वेगळा निघाला, गडचिरोली १९८२ मधी चंद्रपुरातून, गोंदिया १९९९ मधी भंडाऱ्यातून. म्हणजे गडचिरोलीवाल्याचा जुना कागद चंद्रपुरात निघू शकते.

आता नावं. जुन्या कागदात आडनाव शोधत बसाल तं काहीच सापडणार नाही, तिथं "अमुक वल्द तमुक" असते, वल्द म्हणजे बापाचं नाव, बायकोसाठी जौजे, विधवेसाठी बेवा, साकीन म्हणजे राहणार. अ.पा.क. दिसलं का समजा पोरगं अज्ञान होतं आन् शेजारचं नाव पालनकर्त्याचं आहे, बापाचं असेलच असं नाही, इथं लय लोक फसतात. सन फसली (जुनं महसुली साल) असला तं ५९० मिळवा, शके असला तं ७८. मोडीतलं असलं तं वाचणाऱ्याला पैसे द्या, अंदाजानं वाचू नका.

बायकांची नावं लागली तं सोनं समजा. हिंदू बायकांच्या संपत्ती हक्काच्या १९३७ च्या कायद्यानंतर एकत्र कुटुंबातल्या विधवेचं नाव हळूहळू शेतावर यायला लागलं, आन् १९५६ नंतर पोरींचं, मग भाऊ लोकांनी हक्कसोड करून घेतले. त्या हक्कसोडपत्रात आत्याचं सासरचं नाव अन् गाव दोन्ही सापडते, भांडण झालं म्हणून आपल्याला नातं कळते, काय म्हणावं.

मग रजिस्ट्री ऑफिस. पुस्तक १ मधी खरेदीखत, गहाणखत, त्याचा नावानिशी इंडेक्स कोणीही फी भरून पाहू शकते. पुस्तक ३ मधी मृत्युपत्रं आन् दत्तक घ्यायचे अधिकारपत्र, याची नक्कल लिहिणारा जिवंत असेपर्यंत फक्त त्यालेच किंवा त्याच्या मुखत्याराले, तो गेल्यावर मात्र कोणीही मागू शकते. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून न सापडणं म्हणजे नव्हतंच असं नाही. वंशावळ मधीच तुटली, पणजाच्या बापाचं नाव दोन कागदात दोन वेगळं आलं, तं दत्तकाचा संशय घ्या आन् पुस्तक ३ पाहाच.

पण सगळ्यात जास्त बोलते गहाणखत. त्यात बापाचं नाव, जात, वय, धंदा, गाव सगळं, आन् खाली चतुःसीमा. चतुःसीमा वाचायचा कंटाळा करू नका. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, हे बरेचदा चुलतभाऊच निघतात, कारण एकाच वावराचे पट्टे वाटून पडलेले असतात. गाव अप्पर वर्धा किंवा गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं असेल तं भूसंपादनाचा अवॉर्ड (निवाडा) काढा, त्यात मोबदल्यासाठी सगळे हिस्सेदार एका ठिकाणी मिळतात.

आमच्या पणजानं कापसाच्या पडत्या सालात सावकाराकडं चार एकर गहाण टाकलं होतं, घरात कोणालेच माहीत नव्हतं. त्या कागदात त्याच्या बापाचं नाव सापडलं, पण साकीनपुढं जे गाव आहे ते आमचं नाहीच, वर्धा नदीच्या पलीकडचं आहे. म्हणजे माणूस वऱ्हाडात बाहेरून आला आन् आम्ही उगाच इथले मूळचे म्हणून फिरत होतो. आता दिवाळीनंतर त्या गावच्या जमाबंदीचा अर्ज टाकतो, आन् कोतवाल बुकाचाही, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीचा.