जहाज बघायचं आणि बाजारही करायचा: सोलापूरहून निघण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी नाव. आधार कार्डावर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर, मुंबईच्या बंदरात समुद्रसफरीचं जहाज आतून बघायला लागणाऱ्या पासावर आलं पाहिजे. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं मात्र लक्षात ठेवा.

गेल्या खेपेला आम्ही पाच जण मुंबईला गेलो होतो. आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होणार होती, त्यांना दोन रात्रींची समुद्रसफर द्यायची होती. पैसे भरण्याआधी एकदा जहाज आतून बघून घेऊ, असं ठरलं. एजंटमार्फत पास निघाले. नावं मी पाठवली, तोंडपाठ. आत्याचं लग्नातलं बदललेलं नाव लिहिलं, कारण घरात, गल्लीत तिला सगळे त्याच नावानं ओळखतात. पण आत्या शिक्षिका होती. नोकरीच्या कागदांवर तिचं माहेरचं नाव कायम राहिलं आणि आधारही त्याच कागदांवरून निघालं. बंदराच्या गेटवर जवानानं तिचं कार्ड यादीशेजारी धरलं, बोट वरपासून खालपर्यंत नेलं, परत वर आणलं, पुन्हा खाली नेलं आणि कार्ड तिच्या हातात परत दिलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. जहाज बघायची सगळ्यात जास्त हौस आत्यालाच होती. "तुमी जावा की, मी बसते हितं," म्हणाली. दोन तास ती गेटबाहेर आमच्या पिशव्या राखत बसली होती. आता खास तिच्यासाठी पुन्हा जायचं आहे, म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

माझी गफलत का झाली तेही सांगते, कारण ती कुणाचीही होईल. आपल्याला सवय रेल्वेची. एका तिकिटावर पाच जण असले तरी त्यातल्या एकाचं मूळ ओळखपत्र दाखवलं की भागतं. बंदरात तसं चालत नाही. जहाजं आणि बंदरं यांच्या सुरक्षेची एक आंतरराष्ट्रीय नियमावली १ जुलै २००४ पासून लागू आहे. तिच्यानुसार आत येणारा प्रत्येक माणूस कोण आहे आणि कशासाठी आला आहे, हे तपासूनच सोडतात. यादी आदल्या दिवशीच किंवा त्याच्याही आधी गेलेली असते. गेटवर उभं राहून "अहो, ही आमची आत्याच आहे" म्हणून काही होत नाही. म्हणून फॉर्म भरताना प्रत्येकाचं कार्ड समोर ठेवा. आठवणीवर जाऊ नका. घरातल्या बायकांची नावं दोनदा बघा: लग्नात नाव बदललंय का, मधलं नाव वडिलांचं आहे की नवऱ्याचं, आडनाव कुठलं आहे. पास हातात आला की तो कार्डाशेजारी धरून एकाला मोठ्यानं वाचायला लावा, दुसऱ्यानं कार्डावर बघायचं. एखादं अक्षर जरी चुकलेलं दिसलं तरी त्याच दिवशी एजंटला फोन करून बदलून घ्या. आणि कार्ड मूळ न्या. झेरॉक्स नको, मोबाइलमधला फोटो नको.

आता वार. रविवारी मंगलदास मार्केट बंद असतं, क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासची बरीच दुकानंही बंद असतात. जहाजाची तारीख रविवारची मिळत असेल तर बाजार विसरा, किंवा तारीख बदलून मागा. पावसाळ्यात मुंबईहून ही जहाजं सहसा सुटत नाहीत, तेव्हा दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचाच विचार करा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. जातानाचं आणि येतानाचं तिकीट एकदमच काढा.

गाडी रात्रीची सिद्धेश्वर. वंदे भारत २०२३ पासून आहे आणि आरामाची आहे, पण सकाळी सहाच्या सुमाराला सोलापूरहून निघून मुंबईला पोहोचेपर्यंत दुपारचे साडेबारा होतात. जहाज बघायची वेळ तोवर टळून जाते. कारण असं की आदल्या सफरीचे लोक सकाळी उतरतात आणि नवे दुपारी चढायला लागतात. बघ्यांना सोडतात ते मधल्या दोन-तीन तासांत. उशीर झाला तर कुणी थांबत नाही. सिद्धेश्वरनं सकाळी सीएसएमटीला उतरलात की प्रतीक्षालयात तोंड धुऊन, खाऊन निवांत निघता येतं. तिथून बॅलार्ड पिअर जवळ आहे, टॅक्सीनं पाच-दहा मिनिटं. मुंबईचं नवं क्रूझ टर्मिनल तिथंच आहे, २०२५ च्या सप्टेंबरात उद्घाटन झालेलं.

बॅगा स्टेशनवरच्या क्लोकरूममध्ये ठेवा. त्यासाठी बॅगेला कुलूप लागतं, बिनकुलपाची बॅग घेत नाहीत. गेल्या वेळी आमच्याकडे नुसत्या नाड्यांच्या पिशव्या होत्या, म्हणून त्या बरोबर वागवाव्या लागल्या आणि आत्याला त्या राखत बसावं लागलं. दोन छोटी कुलपं आजच नवी पेठेतून आणून ठेवा. कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे जरूर न्या, पण स्टेशनवरच संपवा. बाहेरचं खाणं जहाजावर नेऊ देत नाहीत. कात्री, चाकू, लायटर, काडेपेटी यातलं पर्समध्ये काही राहिलंय का ते रात्रीच बघा. आईच्या पर्समध्ये सुपारी कातरायचा अडकित्ता निघाला होता.

पायात सपाट आणि न घसरणाऱ्या चपला हव्यात. साडी नेसणाऱ्यांनी ती घोट्याच्या वरच ठेवावी, कारण जहाजावर कित्येक दारांना उंच उंबरे असतात.

आत गेल्यावर नटलेला जिना आणि झुंबरं बघण्यात वेळ घालवू नका. जिथं राहायचं त्या खोलीत जा. खिडकी नसलेली खोली स्वस्त पडते. तिचं दार लावून दोन मिनिटं आत बसून बघा, बाबांना पहिल्याच मिनिटाला कोंदल्यासारखं झालं. बाथरूमचा उंबरा बऱ्याचदा उंच असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो स्वतः ओलांडून बघू द्या, आपण फोटो काढून नेऊन उपयोग नाही. आईनं तो ओलांडताना भिंतीचा दांडा घट्ट धरला होता, त्यावरूनच कुठली खोली घ्यायची ते ठरलं. मळमळ होणाऱ्यांसाठी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधल्या भागातली खोली मागा, तिथं हेलकावे कमी जाणवतात. लिफ्ट खोलीपासून किती पावलांवर आहे ते मोजा. शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो का, उपवासाचं काही मिळतं का, रात्री डॉक्टर कुठं बसतात, हे प्रश्न कागदावर लिहून न्या, ऐनवेळी आठवत नाहीत. जहाज इतक्या हजार टनांचं आहे असं सांगतात तेव्हा बाबांसारखी माणसं चकित होतात. तो आकडा वजनाचा नसतो, आतल्या बंदिस्त जागेच्या आकारमानावरून काढतात. हे आधी सांगून ठेवलं तर त्या चर्चेत दहा मिनिटं जात नाहीत.

आणि पुन्हा तेच: गेटकडे टॅक्सी वळण्याआधी पाचही पास, पाचही कार्डं प्रत्येकाच्या स्वतःच्या हातात. एकाच पिशवीत गोळा करून ठेवू नका.

बाजार जहाजानंतरच. आधी खरेदी केलीत तर ते ओझं घेऊन गेटवर उभं राहावं लागेल. काय घ्यायचं ते घरूनच ठरवा. चादरी, टॉवेल, नॅपकिन कुणीही घ्यायचं नाही, ते तर आपल्याकडून तिकडं जातं. सोलापुरात चाटी गल्लीत जे मिळतं तेही तिथून ओढून आणण्यात अर्थ नाही. मंगलदासमध्ये ड्रेसचं कापड आणि अस्तर, लोहार चाळीत दिवे आणि विजेचं सामान, भुलेश्वरला खोटे दागिने, बास. मॅचिंग कापड हवं असेल तर साडीच्या काठाचा बोटभर तुकडा किंवा फॉलची पट्टी सेफ्टी पिननं पर्सच्या आतल्या बाजूला लावून न्या. मोबाइलमधल्या फोटोवरून रंग जुळत नाही. मी जांभळ्याऐवजी वांगी रंगाचं चार मीटर घेऊन आले, ते अजून तसंच पडून आहे. क्रम असा ठेवा: आधी कापड, मग दिवे, सुकामेवा शेवटी क्रॉफर्ड मार्केटमधून, कारण तिथून स्टेशन चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. ती इमारत १८६९ ची आहे, दारावरची दगडी शिल्पं मान वर करून बघा. कापडी पिशव्या घरून न्या. सुटे पैसे न्या. गर्दीत पर्स पुढे धरा.

सातला बाजार बंद करा, मग कुणी कितीही "एकच दुकान" म्हटलं तरी. जेवण, क्लोकरूम, पावती जपून. क्लोकरूमला रांग असू शकते, तासभर हातात ठेवा. येतानाची गाडीही सिद्धेश्वरच, सकाळी सोलापूर. गोळ्या, पाणी, चार्जर, शाल.

निघायच्या रात्री रिक्षा बोलावण्याआधी सगळ्यांना ओळीनं उभं करा आणि मूळ आधार कार्ड हातात काढून दाखवायला सांगा. आत्यापासून सुरुवात करा. कुर्डुवाडी गेल्यावर आठवून उपयोग नाही.