गिरणगावात कबड्डीचे स्टेडियम उभारायचे असेल तर

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक मध्यम शहरांचा मध्यभाग ओस पडला. कारखाने बंद झाले, वस्ती उपनगरांत गेली आणि संध्याकाळनंतर मुख्य रस्त्यांवर चिटपाखरूही दिसेना. तेव्हा तेथील अनेक नगरपालिकांनी शहराच्या ऐन मध्यावर बेसबॉलच्या मायनर लीगसाठी, म्हणजे मुख्य लीगच्या खालच्या पायऱ्यांवर खेळणाऱ्या संघांसाठी, सात ते दहा हजार आसनांची आटोपशीर स्टेडियमे बांधली. काही ठिकाणी त्या स्टेडियमभोवती शहर पुन्हा नांदू लागले, तर काही ठिकाणी पालिकेच्या डोक्यावर कर्ज तेवढे राहिले. मुंबईच्या लालबाग, परळ, काळाचौकी, वरळी या कापड गिरण्यांच्या जुन्या पट्ट्यात कबड्डीसाठी असे छोटे स्टेडियम व्हावे आणि त्यामुळे गिरणगावाच्या सार्वजनिक आयुष्याला पुन्हा उभारी यावी, असे वाटणारी अनेक मंडळे आहेत. हे काम कोणत्या क्रमाने करावे, हे त्यांच्यासाठी लिहीत आहे.

आरंभीच एक फरक नीट समजून घ्यावा. अमेरिकेतील त्या शहरांत जमीन स्वस्त होती आणि माणसे नव्हती, तर गिरणगावात माणसे उदंड आहेत आणि जमीन सोन्याच्या मोलाची आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि तेथे टॉवर, मॉल आणि कार्यालये आली, म्हणजे गर्दी कमी झालीच नाही. हरवले ते चाळीतल्या मुलाला फुकट खेळता येईल असे मैदान, सामना बघायला रात्री खाली उतरण्याचे निमित्त आणि त्या निमित्तावर चालणारी लहान दुकाने. म्हणून बाहेरची गर्दी खेचून आणणे हा आपला हेतू असू नये. जी माणसे येथेच राहतात आणि येथेच कामाला येतात, त्यांना संध्याकाळी थांबायला जागा मिळावी, एवढाच हेतू ठेवावा. हे एकदा ठरले की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

आधी दिनदर्शिका, मग नकाशा

बहुतेक मंडळे पहिल्यांदा वास्तुविशारदाकडे जातात. माझ्या मते तो सर्वांत शेवटचा माणूस आहे. पहिल्या बैठकीत भिंतीवर वर्षाची दिनदर्शिका लावावी आणि ३६५ पैकी किती दिवस या इमारतीचे दार उघडे राहील, हे नावानिशी लिहून काढावे.

मायनर लीगच्या एका संघाला स्वतःच्या शहरात हंगामात साधारण ६५ ते ७५ सामने मिळतात, आणि स्टेडियमजवळचा उपाहारगृहवाला त्या भरवशावर दुकान टाकतो. आपल्याकडे व्यावसायिक लीगचा असा भरवसा धरता येत नाही. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा पहिला सामना वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल इनडोअर स्टेडियममध्ये झाला. लीग बाराही संघांच्या शहरांत फिरली, त्या २०२३-२४ च्या हंगामातही एका शहराच्या वाट्याला जेमतेम आठवडा आला. २०२४ चा हंगाम तर हैदराबाद, नोएडा आणि पुणे या तीनच ठिकाणी झाला आणि मुंबईला एकही सामना मिळाला नाही. अमेरिकेतही मेजर लीगने, म्हणजे बेसबॉलच्या मुख्य लीगने, २०२१ मध्ये मायनर लीगमधील संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली, तेव्हा अनेक गावांची स्टेडियमे एका निर्णयासरशी पोरकी झाली. लीग आज येथे आहे म्हणून उद्याही असेल, असे मानून कोणीही पाया खणू नये.

त्यामुळे दिनदर्शिका स्थानिक खेळांवरच भरली पाहिजे, आणि येथे गिरणगाव कोणत्याही अमेरिकन शहरापेक्षा श्रीमंत आहे. थंडीच्या दिवसांत मंडळांच्या निमंत्रित स्पर्धा प्रकाशझोतात होतात. पुरुष, महिला, कुमार, किशोर आणि व्यावसायिक (कंपन्या-कार्यालयांचे संघ) असे गट धरले तर एकेक स्पर्धा चार-पाच रात्री चालते. महापालिकेच्या आणि खाजगी शाळांच्या आंतरशालेय स्पर्धा, खो-खो, मल्लखांब आणि लेझीम यांना दुपारच्या वेळा देता येतात. कबड्डीचे संघटक शंकरराव साळवी अर्थात बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिन कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. तो ऐन पावसाळ्यात येतो, एवढ्या एका गोष्टीवरून छत का हवे ते कळते. गुरुपौर्णिमेपासून गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो, आणि मॅट अंथरलेली उंच छताची जागा त्यांना मिळाली तर अनेक मुलांची हाडे वाचतील. मात्र नऊ थरांची उंची चाळीस फुटांच्या वर जात असल्याने छताची उंची हे लक्षात घेऊनच ठरवावी लागेल. गणेशोत्सवाचे दिवस मुद्दाम रिकामे ठेवावेत. लालबागला येणाऱ्या भाविकांसाठी पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार आणि हरवलेल्या मुलांचा कक्ष तेथे चालवावा.

एवढे सगळे भरूनही दोनशे दिवसांचा आकडा गाठता येत नसेल, तर स्टेडियमचा विचार सोडून आहे त्या मैदानावर चांगले दिवे आणि मॅट द्यावी.

जागा

एक गोष्ट ठामपणे सांगतो: आज जेथे मुले मोकळेपणाने खेळतात, अशा मैदानावर स्टेडियम बांधू नये. मैदानाला दार नसते, स्टेडियमला असते, आणि एकदा दार आले की किल्ली कोणाकडे हा वाद येतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरण्यांच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी मिळणार होता. २००१ च्या दुरुस्तीने तो हिशेब फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला आणि पालिकेच्या हाती फुटकळ तुकडे आले. जे मैदान शिल्लक आहे ते या पार्श्वभूमीवर शिल्लक आहे, हे विसरता येत नाही. जागा शोधायची ती विकास आराखड्यात क्रीडा सुविधेसाठी आरक्षित असलेल्या पण पडून राहिलेल्या भूखंडांत, आणि त्यासाठी महापालिकेच्या एफ दक्षिण व जी दक्षिण विभाग कार्यालयांत आरक्षणांचे नकाशे पाहावेत. बेसबॉलला मैदानाच्या मध्यभागी सुमारे ४०० फूट खोली लागते. पुरुषांचे कबड्डीचे क्रीडांगण मात्र १३ मीटर बाय १० मीटरचे असते. मंडळांच्या स्पर्धांना शेजारी-शेजारी दोन क्रीडांगणे लागतात, हे धरूनही चार हजार आसनांचे स्टेडियम दीड-दोन एकरांत बसू शकेल असा माझा अंदाज आहे.

नंतर आवाजाचा प्रश्न. रुग्णालयापासून १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र असतो, आणि परळमध्ये केईएम, टाटा आणि वाडिया ही मोठी रुग्णालये एकमेकांजवळ आहेत. नकाशावर ही वर्तुळे काढली की अनेक आकर्षक भूखंड आपोआप बाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत. इतरत्रही रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून शेवटचा सामना साडेनऊला संपेल असेच वेळापत्रक ठेवावे आणि भिंती व छत आवाज अडवणारे असावेत.

सर्वांत जास्त वेळ मात्र स्थानकापर्यंतच्या वाटेवर घालवावा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. कोणताही सामना सुटलेला नव्हता. रोजचीच सकाळ होती आणि पाऊस आला होता. सामना सुटल्यावर चार हजार प्रेक्षक वीस मिनिटांत बाहेर पडतील असे धरले तर मिनिटाला दोनशे माणसे होतात. जिन्याच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण साठ-पासष्ट माणसे सुरक्षितपणे जाऊ शकतात, म्हणजे केवळ आपल्या प्रेक्षकांसाठी तीन मीटरहून अधिक रुंदीचा मोकळा जिना लागेल, आणि आधीची गर्दी वेगळीच. म्हणून एकाच स्थानकावर भार टाकणारी जागा घेऊ नये. मध्य रेल्वेचे करी रोड किंवा चिंचपोकळी, पश्चिम रेल्वेचे लोअर परळ आणि भुयारी मेट्रोचे एखादे स्थानक यांपैकी किमान दोन दिशांना प्रेक्षक वळवता आले पाहिजेत. वाहनतळावर पैसा घालण्यापेक्षा रुंद पदपथ आणि उजेड यांवर घालावा.

पाणी साचणाऱ्या भागात जागा मिळाली तर लगेच नाकारू नये. दादर-परळजवळच्या हिंदमाता या सखल चौकात तुंबणारे पाणी साठवण्यासाठी महापालिकेने परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली भूमिगत टाक्या बांधल्या आहेत. वर खेळ आणि खाली टाकी ही रचना येथेही करता येईल, आणि पालिकेला ती पटवणे सोपे जाईल.

पैसा आणि करार

अमेरिकेत या विषयावर अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ अभ्यास केला असून बहुतेकांचा निष्कर्ष प्रतिकूल आहे. स्टेडियमवर खर्च होणारा पैसा बहुतांशी त्याच शहरातल्या दुसऱ्या करमणुकीकडून वळलेला असतो, त्यामुळे एका पेठेला फायदा झाला तरी शहराच्या एकूण उत्पन्नात फारशी भर पडत नाही. म्हणून ‘स्टेडियम स्वतःचा खर्च काढील’ असे आश्वासन नागरिकांना देऊ नये. ग्रंथालय जसे खर्चिक असूनही आपण बांधतो, तसेच हे आहे असे स्वच्छ सांगावे.

ओक्लाहोमा सिटीने हा प्रश्न चांगला हाताळला. डिसेंबर १९९३ मध्ये तेथील मतदारांनी ठरावीक मुदतीसाठी डॉलरमागे एक सेंट जादा विक्रीकर मंजूर केला, आणि त्या पैशातून कर्ज न काढता इतर कामांबरोबर ब्रिकटाउनचे बेसबॉल स्टेडियम १९९८ मध्ये उभे राहिले. हार्टफर्डमध्ये याच्या उलट झाले. ५ कोटी ६० लाख डॉलरचा अंदाज ७ कोटींच्या पुढे गेला, एप्रिल २०१६ चा मुहूर्त हुकला, शहराने विकासकाला काढून टाकले आणि संघाला तो अख्खा हंगाम परगावी खेळावा लागला. स्टेडियम उघडले ते एप्रिल २०१७ मध्ये. पैसा हाती येण्याआधी उद्घाटनाची तारीख जाहीर करू नये, हे त्यातून शिकावे.

आपल्याकडे जकात २०१७ मध्ये बंद झाली असल्याने असा स्थानिक कर लावणे शक्य नाही. उरतात तीन मार्ग: महापालिकेच्या अर्थसंकल्पातील भांडवली तरतूद, जिल्हा नियोजनाचा निधी, आणि समायोजन आरक्षण, ज्यात जमीनमालक आरक्षित भूखंडावर सुविधा बांधून पालिकेच्या ताब्यात देतो आणि त्याबदल्यात त्याला बांधकामाचा हक्क मिळतो. तिसऱ्या मार्गात सुविधा शेवटी आणि टॉवर आधी, असे होऊ नये म्हणून ताब्याचा क्रम करारातच लिहून घ्यावा. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या यादीत मान्यताप्राप्त खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, तेव्हा त्या पैशाचा उपयोग प्रशिक्षकांच्या मानधनासाठी मागावा.

बांधकामाइतकाच महत्त्वाचा असतो तारखांच्या वाटपाचा करार. ब्रेबॉर्न स्टेडियमच्या तिकिटांवरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट संघटना यांचे जमेना, म्हणून अवघ्या काही मिनिटांच्या अंतरावर १९७४-७५ मध्ये वानखेडे उभे राहिले. दोन संस्थांच्या वादातून दुसरे स्टेडियम बांधणे क्रिकेटला परवडले. कबड्डीला परवडणार नाही. मालकी पालिकेची, तारखांचे वाटप जिल्हा संघटना, शाळा आणि स्थानिक मंडळे यांच्या संयुक्त समितीकडे, आणि व्यावसायिक लीगला भाडे भरून ठरावीक दिवस, अशी विभागणी असावी. मॅट, छत आणि दिवे बदलण्यासाठीचा निधी पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात साठवावा.

इमारत आणि तिच्या भोवतीचे

आसने कमी ठेवावीत. ओहायोमधील डेटन या छोट्या शहरातले सुमारे सात हजार आसनांचे स्टेडियम इतके नेमाने भरत राहिले की २०११ मध्ये त्यांनी सलग ८१५ सामन्यांची तिकिटे पूर्ण विकली जाण्याचा विक्रम केला. जागा मिळणार नाही या भीतीनेच प्रेक्षक आगाऊ तिकीट काढतो. रस्त्याच्या बाजूला कोरी भिंत न ठेवता तळमजल्यावर छोटे गाळे काढावेत आणि ते खानावळवाल्या महिलांना, बचत गटांना व आजूबाजूच्या जुन्या दुकानदारांना परवडणाऱ्या भाड्याने द्यावेत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले ते याच भागातील खानावळवाल्या बायकांना एकत्र करून, तेव्हा ही परंपरा येथलीच आहे. इंडियानातील फोर्ट वेन येथे सामना नसलेल्या दिवशीही स्टेडियमची वाट फिरायला येणाऱ्यांसाठी खुली असते. आपल्याकडे स्वच्छतागृहे रस्त्याच्या बाजूने दिवसरात्र उघडी ठेवावीत. गावाहून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक परळच्या पदपथांवर रात्र काढतात, आणि या इमारतीचा उपयोग सर्वांत आधी त्यांना होईल.

परिणाम लवकर दिसणार नाही. नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅमची मोठी तंबाखू गिरणी १९८७ मध्ये बंद पडली, शेजारी बेसबॉल स्टेडियम १९९५ मध्ये उघडले, आणि ती गिरणी कार्यालये व उपाहारगृहे घेऊन पुन्हा जागी झाली ती २००४ मध्ये. मधली नऊ वर्षे स्टेडियम एकटेच उभे होते.

निविदेपूर्वी एक हंगाम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पालिकेच्या एखाद्या मैदानावर तात्पुरती गॅलरी, दोन मॅट आणि दिवे लावून तीस संध्याकाळी सामने घ्यावेत. प्रत्येक रात्री चार नोंदी ठेवाव्यात: किती माणसे आली, त्यांपैकी किती पायी आली, जवळच्या दहा दुकानांचा गल्ला त्या दिवशी किती झाला, आणि सामना सुटल्यानंतरच्या अर्ध्या तासात स्थानकाच्या पुलावर मिनिटाला किती माणसे चढली. शेवटची नोंद रेल्वे पोलिसांना विश्वासात घेऊन करावी. आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. त्या महिन्यात या नोंदींची वही, दिनदर्शिका आणि परिसरातील चाळींच्या सह्या एकत्र जोडून विभाग कार्यालयात द्याव्यात आणि पोचपावतीवर तारखेचा शिक्का घ्यावा.