ओले हान्सन कुठला? नॉर्वेहून आलेल्या घराण्याचा माग काढताना

सासूबाईंच्या माळ्यावर एक लाकडी पेटी आहे. निळ्या रंगावर लाल-पांढरी वेलबुट्टी, पुढच्या बाजूला तीन अक्षरं आणि साल, १८६९. माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा ही पेटी घेऊन नॉर्वेहून अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात आले. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांच्याविषयी एवढंच ठाऊक होतं: नाव ओले हान्सन, आडनाव बाक्के, राहणार 'वाल्ड्रेसकडचे कुठले तरी' (वाल्ड्रेस हे नॉर्वेतलं एक खोरं). मी ग्रंथालयशास्त्र शिकलेली. सासूबाई म्हणाल्या, "तुला जुने कागद हाताळता येतात, तूच शोध." त्याला अकरा वर्षं झाली. आता इतर कुटुंबांसाठीही मी हे काम करते. इकडे राहणाऱ्या काही मराठी मुलींनी, आणि पुण्यात अभिलेखशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने, सुरुवात कुठून करायची असं विचारलं. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८२५ च्या जुलैत 'रेस्टाउरासिओन' नावाचं लहानसं शिडाचं जहाज बावन्न माणसं घेऊन स्टाव्हांगर बंदरातून निघालं आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्कला पोचलं. वाटेत एक मूल जन्मलं, म्हणून उतरताना त्रेपन्न. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक लोक त्याच दिशेने गेले. नॉर्वेत लागवडीची जमीन फारच थोडी, आणि १८०१ साली जेमतेम नऊ लाख असलेली लोकसंख्या १८६५ पर्यंत सतरा लाखांवर गेलेली. धाकट्या मुलांना वाट्याला काही येईना. इकडे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून कसणाऱ्याला १६० एकर जमीन मिळू लागली. १८६६ ते १८७३ ही पहिली मोठी लाट. आमचे ओले तिच्यातले.

आता नावाकडे येते, कारण सगळं काम तिथेच अडतं किंवा तिथेच सुटतं. ओले हान्सन बाक्के म्हणजे स्वतःचं नाव ओले, वडील हान्स, राहण्याची जागा बाक्के. बहीण असेल तर ती हान्सदात्तर. अमेरिकन लोकांना हे पचायला वेळ लागतो, आपल्याला एक मिनिटही लागत नाही. केशव गोविंद नेवरेकर आणि ओले हान्सन बाक्के यांची घडण एकच आहे. फरक फक्त शेवटच्या शब्दात. नेवरेकरांनी नेवरे सोडून चार पिढ्या झाल्या तरी ते नेवरेकरच राहतात. नॉर्वेतला शेतकरी बाक्के हे शेत सोडून हौगेन या शेतावर राहायला गेला की तो हौगेन होतो. बायकोच्या माहेरच्या शेतावर गेला तर त्या शेताचं नाव लावतो. सख्ख्या तीन भावांची तीन वेगळी नावं सापडली तर दचकू नका. तिथे पिढीजात आडनाव कायद्याने सक्तीचं झालं ते १९२३ साली. त्याआधीच्या नोंदीतला शेवटचा शब्द हा कुळाचा नाही, पत्त्याचा आहे. हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

आणि बाक्के म्हणजे नुसता उतार. उतारावरचं शेत नॉर्वेत दर खोऱ्यात सापडतं. त्यामुळे 'ओले हान्सन बाक्के' शोधायला गेलात तर एक नाही, डझनभर भेटतात. मी पहिल्या वर्षी नेमकी तीच चूक केली. डिजिटालआर्किवेट या नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर नाव आणि जन्मसाल टाकलं आणि पहिला जुळणारा ओले उचलला. चार महिने खपून पाच पिढ्यांचा तक्ता केला, नाताळच्या जेवणाला सगळ्यांना दाखवला. सासूबाईंनी तो चौकटीत लावला. मग फेब्रुवारीत माझ्या लक्षात आलं की मुलांची नावं बसत नाहीत. नॉर्वेतल्या खेड्यांत रीत अशी की पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, मुलींनाही तसंच आज्यांचं. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, पण त्यांच्याकडे क्रम ठरलेला. माझ्या तक्त्यात ओलेंची आई होती कारी. इकडे त्यांना चार मुली झाल्या आणि एकीचंही नाव कारी नाही, थोरली मारित. रीत कधीकधी मोडते हे खरं, पण चार मुलींत आईचं नाव एकदाही येऊ नये? मी भिंतीवरची चौकट स्वतः उतरवली. त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण सासूबाई त्या पाच पिढ्यांची नावं पाठ करून बसल्या होत्या.

म्हणून नवशिक्यांना माझं पहिलं सांगणं: समुद्र ओलांडायची घाई करू नका. माणूस नॉर्वेतल्या कोणत्या धर्मग्रामाचा, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीतला, हे अमेरिकेतल्या कागदातून कळेपर्यंत तिकडच्या नोंदी उघडूच नका. अमेरिकन जनगणनेत जन्मस्थान म्हणून नुसतं 'नॉर्वे' लिहिलेलं असतं. तिचा उपयोग वेगळा. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि देशात आल्याचं साल विचारलेलं आहे. ते साल आठवणीवर सांगितलेलं असतं, एखाद-दोन वर्षं इकडेतिकडे धरा. १८९० ची जनगणना शोधू नका, १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीत तिचं मोठं नुकसान झालं आणि उरलेलीही पुढे जवळजवळ सगळी नष्ट केली गेली. ती पोकळी मिनेसोटाने स्वतः घेतलेल्या १८८५ आणि १८९५ च्या राज्य जनगणनांतून बरीचशी भरते.

खरा खजिना लुथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) मंडळींच्या, म्हणजे चर्चच्या सभासदगटांच्या, वह्यांत. ही मंडळी नव्या देशातही नॉर्वेजियन भाषेत दप्तर ठेवत, आणि पाद्री स्वतः तिकडचा असल्याने त्याला 'नॉर्वे' एवढ्यावर समाधान नसे, तो गावाकडचं नाव लिही. मिनेसोटातल्या गुडह्यू काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) एका मंडळीच्या विवाहनोंदीत मला ओलेंच्या नावापुढे 'स्लिद्रे' हा शब्द सापडला. वाल्ड्रेस खोऱ्यातलं धर्मग्राम. चार महिन्यांच्या चुकीच्या तक्त्यापेक्षा तो एक शब्द मोलाचा होता. अशा वह्यांच्या सूक्ष्मपटांसाठी (मायक्रोफिल्मसाठी) विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनचं नॉर्वेजियन-अमेरिकन वंशावळ केंद्र पाहावं. आणि मृत्युलेख सोडू नका. आयोवातल्या डेकोरा गावाहून १८७४ पासून जवळपास शंभर वर्षं निघालेल्या 'डेकोरा-पोस्टेन' या नॉर्वेजियन वर्तमानपत्रात म्हाताऱ्या माणसांचं जन्मग्राम हमखास दिलेलं असे.

होमस्टेडची फाइल लोक विसरतात. जमीन नावावर होताना अर्जदाराला शपथेवर सांगावं लागे की घर केवढं, नांगरट किती, आणि तो नागरिक आहे की नाही. त्यामुळे नागरिकत्वाचा कागद पुष्कळदा त्याच फाइलीत मिळतो. आमचे ओले पुढे ऑटर टेल काउंटीत गेले, तिथलं लाकडी घर चौदा फूट बाय सोळा फूट. आमच्या स्वयंपाकघराएवढं, आणि त्यात सात माणसं.

प्रवासाच्या नोंदींत एक खाचखळगा आहे. १८५० नंतर नॉर्वेजियन शिडाची जहाजं बहुतेक माणसं न्यूयॉर्कला नव्हे, कॅनडातल्या क्वेबेकला उतरवत आणि परतताना लाकूड भरून नेत. वाफेची जहाजं आल्यावर ख्रिस्तियानियाहून, म्हणजे आजच्या ऑस्लोहून, आधी इंग्लंडमधलं हल, तिथून आगगाडीने लिव्हरपूल आणि मग मोठं जहाज अशी वाट पडली. तेव्हा एलिस आयलंडवर नाव मिळेना म्हणून हातपाय गाळू नका. एलिस आयलंड सुरूच झालं १८९२ साली. त्यापेक्षा निघतानाची नोंद बघा. ख्रिस्तियानिया आणि ट्रोंडहाइमच्या पोलिसांची देशांतर करणाऱ्यांची नोंदवही १८६७ पासून आहे, बर्गनची १८७४ पासून.

आता चर्चच्या वह्या. जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण (वाढत्या वयात श्रद्धेची जाहीर कबुली देण्याचा विधी), लग्न, दफन, शिवाय गावात आलेले आणि गाव सोडून गेलेले, असे वेगवेगळे भाग. १८१२ नंतर पाद्र्याच्या वहीखेरीज चर्चच्या कारकुनानेही दुसरी प्रत ठेवायची असा नियम झाला. एका वहीचं पान फाटलं असेल तर दुसरी पाहा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत पाच-सहा साक्षीदारांची नावं शेतांच्या नावांसकट असतात. नवखा माणूस ती वगळतो. मी सगळ्यात आधी तीच उतरवून घेते, कारण तिथे मावशा, काका, आज्या दडलेल्या असतात. दृढीकरणाच्या नोंदीत पोराचं धर्मज्ञान आणि वर्तन यावर शेरा असतो, आणि देवीची लस कधी टोचली तेही. ओलेंना 'चांगलं' मिळालं होतं. दीडशे वर्षांनी पणतवाची सून ते वाचते आहे हे मनात आलं आणि क्षणभर मी पान पुढे सरकवलंच नाही.

अक्षर मात्र गॉथिक वळणाचं. त्यातला 'इ' 'एन'सारखा दिसतो, लांब 'एस' 'एफ'सारखा. इथे मला माझ्या आजोबांच्या मोडी कागदांनी हात दिला. मोडी वाचायला बसलं की आधी 'श्री', महिने, गावांची नावं अशी ठाऊक असलेली अक्षरं हेरायची आणि त्या लेखकाच्या हाताचं वळण ओळखायचं. इथेही तेच. त्याच पानावरचे 'ओले', 'आन्ने', 'मारित' आणि महिने शोधून त्यांवरून त्या पाद्र्याची बाराखडी तयार करा. पाद्री बदलला की नवी बाराखडी. रोज अर्धा तास केलंत तर दोन-तीन महिन्यांत डोळा बसतो. संकेतस्थळाच्या सूचीत टंकलेलं नाव हे दुसऱ्या कुणीतरी लावलेलं वाचन असतं, मूळ पानाची प्रतिमा उघडल्याशिवाय ते खरं धरू नका. शोधताना पूर्ण नाव टाकण्याऐवजी 'ओल' आणि पुढे तारांकन असं टाकलं की वेगवेगळ्या वर्तनींतले ओले एकदम समोर येतात.

स्लिद्रेच्या वहीत ओले मिळाले. आईचं नाव मारित. १८६५ ची जनगणना उघडली तर सगळं घर समोर. त्या जनगणनेत माणसांबरोबर गुरं आणि पेरणीही मोजली आहे. वडील हान्स 'हुसमान'. म्हणजे मोठ्या शेतकऱ्याच्या जमिनीवर झोपडी आणि चिंचोळा तुकडा, त्याच्या बदल्यात मालकाकडे राबणं. एक गाय, पाच मेंढ्या, थोडं जव आणि बटाटे. बाक्के त्यांचं शेत नव्हतंच, ते मालकाचं होतं. ओलेंनी जमीन नाही तर तिचं नाव तेवढं अमेरिकेला आणलं.

याच घरात मारितची एक थोरली मुलगी, लग्नाआधीची, वेगळ्या बापाचं नाव लावणारी. अशी नोंद सापडली की काय करायचं हे मला हमखास विचारलं जातं. मी जसं आहे तसं सांगते, पण आधी त्या काळाची परिस्थिती समजावून. राबणाऱ्या जोडप्यांना डोक्यावर छप्पर मिळेपर्यंत लग्न लांबवावं लागे, मुलं थांबत नसत. नोंद लपवणं मला त्या मुलीवर अन्याय वाटतो. हयात माणसांच्या बाबतीत मात्र त्यांच्या परवानगीशिवाय एक ओळही तक्त्यात जात नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून एकच विचारलं, "मुलगा गेल्यावर आईचं काय झालं?" १८७५ च्या जनगणनेत मारित विधवा आहे, गाय नाही, धर्मग्रामाच्या गरीब-निधीवर जगणारी अशी नोंद. ती थोरली मुलगी तिच्याजवळ नाही. गाव सोडणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव ख्रिस्तियानियाच्या दिशेने जाताना दिसतं. १८८५ साली नॉर्वेत फक्त शहरांची जनगणना झाली होती. सध्या त्या जनगणनेची ख्रिस्तियानियातली पानं मी एकेक गल्ली धरून वाचते आहे, आणि दर रविवारी सासूबाई फोन करून विचारतात, "सापडली का आपली मुलगी?"