एकविसावा दिवस कुणाचा? पीसीओएस असताना मूल हवं असेल तर या चुका टाळा

सकाळी सात वाजता लॅबचं शटर वर जातं तेव्हा पायरीवर दोन-तीन जणी बसलेल्याच असतात. त्यातली एखादी चिठ्ठी पुढे करते. "ताई, आज एकविसावा दिवस. प्रोजेस्टेरॉन द्यायचंय." मी विचारते, पाळी किती दिवसांनी येते? "पीसीओडी आहे ना, त्यामुळे चाळीस-पंचेचाळीस. कधी दोन महिनेसुद्धा." मग मी हातातली सुई खाली ठेवते.

इंदुरात रक्त काढायच्या कामाला मला अठरा वर्षं झाली. मी डॉक्टर नाही. गोळी कुठली आणि किती, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण मी स्वतः पीसीओएसवाली, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. (पीसीओएस म्हणजे हार्मोन बिघडून बीज वेळेवर न फुटण्याचं दुखणं. पीसीओडी म्हणतात ते हेच.) त्याच त्या चुका रोज बघून आता वैताग आलाय, म्हणून लिहायला बसले.

एकवीसचा हट्ट

आधी हा आकडा आला कुठून ते बघा. बीज फुटून बाहेर पडलं की मागे उरलेली पिशवी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार करायला लागते आणि साधारण आठवड्याने ते सगळ्यात वर असतं. जिची पाळी २८ दिवसांनी येते तिचं बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास फुटतं. चौदा आणि सात, एकवीस. झालं. म्हणजे हा दिवस २८ दिवसांच्या पाळीवालीचा आहे, तुमचा नाही.

पीसीओएसमध्ये पाळी लांबते ती बीज फुटण्याच्या आधीच्या भागात. फॉलिकल, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या पिशव्या, अर्धवट वाढतात आणि तिथेच थांबून राहतात. सोनोग्राफीत माळेसारखे दिसतात ते हेच, त्या काही गाठी नाहीत. एकदा का बीज फुटलं की पुढचे दिवस मात्र बहुतेकींचे बारा ते चौदाच. म्हणून हिशोब पुढून नाही, पाळीच्या बाजूने मागे करायचा. ४२ दिवसांनी पाळी येत असेल तर बीज अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास आणि तपासणी पस्तिसाव्याला.

हे आज मी ठसक्यात सांगते, पण माझंच सांगते ऐका. लग्नाला तीन वर्षं झाली होती. नळी कुठली घ्यायची, रक्त किती वेळ फिरवायचं, सगळं तोंडपाठ. प्रोजेस्टेरॉनचा आकडा तीनच्या वर गेला तर बीज फुटलं असं धरतात, तेही पाठ. कुणाला न विचारता एकविसाव्या दिवशी माझं रक्त मीच दुसऱ्या मुलीकडून काढून घेतलं आणि मशीनमधून रिपोर्टही मीच काढला. ०.६. स्टोअररूममध्ये जाऊन रडले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, हा महिना गेला, तुमचं ग्वाल्हेरचं काम उरकून या. तो दहा दिवसांसाठी गेला. मी वहिनीबरोबर सराफ्यात, आमच्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात गेले, तळलेले गराडू खाल्ले, वर जलेबीही खाल्ली. आता काय राखायचं होतं?

आणि त्रेचाळिसाव्या दिवशी पाळी आली. गोळी न घेता, आपोआप. कॅलेंडरवर खूण करताना सहज बोट मागे नेलं, एक, दोन, तीन करत चौदा. बोट एकोणतिसाव्या दिवसावर थांबलं. खात्री कशी देणार, पण बहुधा त्या महिन्यात बीज फुटलं होतं. नवरा ग्वाल्हेरला आणि मी सराफ्यात! पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी विचारलं, "एकविसाव्याला कुणी सांगितलं होतं?" काय उत्तर देणार, चिठ्ठी माझ्याच अक्षरातली.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. पाळीचा पहिला दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने. ॲपवर नाही. ॲप मागच्या महिन्यांची सरासरी काढून हिरवा ठिपका देतं आणि ज्या शरीराला सरासरीच नाही तिथे त्या ठिपक्याला काय अर्थ? पाळीचा अंदाजच नसेल तर पहिली तपासणी खालचा आकडा दाखवेल तेव्हा निकाल लागला असं समजू नका. पाळी येईपर्यंत दर आठवड्याला पुन्हा करता येते, डॉक्टरांना तसं विचारा. आणि घरात "तो दिवस" शोधत बसण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी एकत्र या. पुरुषाचं बीज आत पाच दिवसांपर्यंत तग धरतं, बाईचं जेमतेम एक दिवस. म्हणजे वाट बघत थांबायचं कुणी, ते उघड आहे.

लघवीत बुडवायच्या ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या? त्या एलएच बघतात, म्हणजे बीज फुटायच्या आधी चढणारं हार्मोन. पीसीओएसमध्ये कित्येकींचं एलएच मुळातच चढलेलं असतं, त्यामुळे पट्टी आठवडाभर "आज, आज" म्हणत राहते. पैसे वाचवा.

नवऱ्याची तपासणी सगळ्यात शेवटी

माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे. सुनेला पीसीओडी निघालं की घरात एक प्रकारची सुटका झाल्यासारखं वाटतं. गुन्हेगार सापडला! मग तिच्या रक्ताच्या पाच नळ्या, तिची सोनोग्राफी, तिचं वजन, तिचे उपास. खजराना गणपतीला जाऊन उलटं स्वस्तिकही तीच काढून येते. मुलाचं नाव काढलं की सासूबाई म्हणणार, "त्याला काय धाड भरलीय?"

सुदामानगरची एक जोडी माझ्या लक्षात राहिली आहे. सुनेचे गोळ्यांचे पाच महिने झाले होते. दर महिन्याला सोनोग्राफीच्या तीन-चार फेऱ्या, दोनदा बीज छान फुटलेलंही दिसलं, तरी दिवस राहिले नाहीत. सहाव्या महिन्यात कुणीतरी नवऱ्याची तपासणी लिहून दिली. संख्या इतकी कमी की मी तंत्रज्ञाला पुन्हा बघायला लावलं. ती पोरगी रिपोर्ट हातात घेऊन बराच वेळ उभी होती. नंतर एवढंच म्हणाली, "मावशी, ही तपासणी केवढ्याची होती?" तिच्या एका सोनोग्राफीहून स्वस्त होती.

पाळी अनियमित असली तरी पहिल्याच भेटीत दोघांची तपासणी मागा. आणि ती नीट द्या. आधीचे दोन ते सात दिवस संबंध नको. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा, घरून आणायचा तर तासाभरात पोचायला हवा. डिसेंबरात एक साहेब राजेंद्रनगरहून स्कूटरच्या डिकीत बाटली घालून आले, मध्ये थांबून पोहेही खाल्ले. कशाला आणता मग? शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या ऊबेला ठेवायची असते. थोडं सांडलं असेल तर लाजू नका, सांगा. सुरुवातीचा भाग सांडला तर आकडा खोटा कमी येतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा, कारण हे बीज तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. एका वाईट रिपोर्टवर रडायचं नाही, मध्ये वेळ देऊन पुन्हा करायचा.

लॅबमध्ये येण्याआधी

पीसीओएसमध्ये केस गळतात, म्हणून निम्म्या मुली बायोटिनच्या गोळ्या खातात. आणि ते सांगत नाहीत, कारण "ते औषध थोडंच आहे?" बऱ्याच मशीनवर बायोटिन थायरॉइडच्या आणि इतर हार्मोनच्या आकड्यांत ढवळाढवळ करतं. थायरॉइडसाठी बघतात ते टीएसएच खोटं कमी दिसू शकतं. निदान दोन दिवस आधी बंद करा. मी तर हल्ली केसांकडे बघूनच विचारते.

प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, तपासायला रक्त द्यायचं तर जिने चढून धापा टाकत खुर्चीत बसू नका. वीस मिनिटं शांत बसा, मग हात पुढे करा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन तपासणं म्हणजे पैसे पाण्यात. एएमएच जास्त आलं म्हणून हरखू नका, पीसीओएसमध्ये ते चढलेलंच असतं. बिजांचा साठा मोठा आहे एवढाच त्याचा अर्थ, ते फुटतंय असा नाही. साखर फक्त उपाशीपोटी बघून सुटू नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायची तपासणी जास्त खरं बोलते. हो, ते पाणी गोड-गिळगिळीत असतं. लिंबू मागा, आमच्याकडे असतं.

कॉलनीतल्या वैद्यबुवा

हे प्रकरण वाढतच चाललंय. मैत्रिणीला लेट्रोझोलने, म्हणजे बीज फुटावं म्हणून देतात त्या गोळीने, दिवस राहिले, म्हणून हिने त्याच गोळीचं पान दवाबाजारातून आणलं. सोनोग्राफी नाही, काही नाही. गोळी वाईट नाही, उलट चांगलीच आहे. भारतात २०११ मध्ये या कामासाठी तिच्यावर बंदी आली होती. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ७५० पीसीओएसवाल्या बायकांच्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्क्यांच्या हाती बाळ आलं, जुन्या क्लोमिफेनवाल्यांत १९.१ टक्के. २०१७ मध्ये इथली बंदीही उठली. पण बघा, त्या चांगल्या गोळीनेही प्रत्येकीला बाळ झालं नाही, आणि तेही पाच-पाच महिने घेऊन. आमच्याकडे पहिल्या महिन्यात जमलं नाही की डॉक्टर बदलतात. नवीन डॉक्टर, नवी फाइल, पुन्हा त्याच तपासण्या. मग मलाच विचारणार, "ताई, काय करून राहिले हे लोक?"

स्वतःच्या मनाने घेतलं तर किती फॉलिकल वाढले ते कळत नाही. एकाऐवजी तीन फुटले तर? आणि याच्या उलट दुसऱ्या टोकाच्या. डबीतल्या कागदावर स्तनाच्या कॅन्सरचं नाव वाचलं की पान कचऱ्यात. ती गोळी मूळची त्याच आजाराची आहे, हे खरं. म्हणून तुम्हाला तो आजार आहे असं नाही.

मेटफॉर्मिनचंही तसंच, म्हणजे ती साखरेची गोळी जी पीसीओएसमध्येही देतात. चौथ्या दिवशी पोट बिघडलं की बंद. जेवणाबरोबर घ्या, कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवायचं का ते डॉक्टरांना विचारा. वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासत राहा.

वजन, आणि साबुदाणा

ऐंशी किलोच्या बाईने चार ते आठ किलो कमी केले तरी कित्येकींची पाळी रुळावर येते. वीस किलो नाही, चार ते आठ. पण हे महिन्यात करायला गेलात तर शरीर दुष्काळ पडलाय असं समजतं आणि होती ती पाळीही जाते. आठवड्यात तीन उपास धरणाऱ्या एका काकू मला अभिमानाने सांगत होत्या, सुनेलाही धरायला लावले म्हणून. उपासाला काय? साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा किस. आमच्या इंदुरात खिचडीवर मिक्श्चर पडतं ते वेगळंच. हा उपास नाही, साखरेचं पोतं आहे. आणि सडपातळ मुलींनो, तुम्हालाही पीसीओएस असतो, तुम्हाला वजन उतरवायला कुणी सांगितलं तर आधी कारण विचारा.

फोलिक ॲसिड पाळी चुकल्यावर नाही, ठरवलं त्या दिवसापासून. रोज किमान ४०० मायक्रोग्रॅम, वजन जास्त असेल किंवा साखर असेल तर डोस डॉक्टर वाढवतात. बाळाच्या मणक्याची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते आणि आपल्याला तर पाळी चुकली हेच दोन महिने कळत नाही.

त्याच कारणाने दुसरं. पाळी आणायची गोळी घेण्याआधी प्रत्येक वेळी प्रेग्नन्सी टेस्ट करा. प्रत्येक वेळी. आणि त्या गोळीने पाळी आली म्हणजे बीज फुटलं असं नाही. गोळी थांबवली की आतला थर गळून पडतो, एवढंच.

दोन फिकट रेषा

बीज मोठं झालं की ते फुटावं म्हणून डॉक्टर एचसीजीचं इंजेक्शन देतात, त्याला सगळे ट्रिगर म्हणतात. एचसीजी म्हणजे दिवस राहिले की शरीरात तयार होणारं हार्मोन, घरच्या प्रेग्नन्सी किटमध्ये जे दिसतं तेही एचसीजीच. म्हणजे सुईतून जे आत गेलं तेच किट आठवड्याने दाखवतं. जेल रोडच्या बाजूला राहणाऱ्या एका घरात सातव्या दिवशी दोन रेषा दिसल्या, सासऱ्यांनी त्याच दुपारी पेढे आणले, एक डबा आमच्या लॅबमध्येही आला. मी तारीख विचारली आणि डबा तसाच झाकून ठेवला. बाराव्या दिवशी पाळी आली. त्या मुलीला फोन करून पेढे परत मागणारं कुणी नव्हतं, पण "कळवायला कुणी सांगितलं होतं?" विचारणारे पुष्कळ होते.

इंजेक्शनची तारीख कॅलेंडरवर लिहा. तिथून चौदा दिवस मोजा आणि पंधराव्या दिवशी आमच्याकडे येऊन रक्तातलं बीटा-एचसीजी द्या. किट तोवर घरात आणून ठेवू नका. कपाटात असलं की रात्री दोन वाजता हात जातोच. माझाही जायचा.